चौदाचा पाना

लिंबाजी मिस्तरी नट आवळला की मोठ्यानं विचारतो, "आवळलं का?" मग एक श्वास थांबतो आणि जरा वेगळ्या आवाजात स्वतःच उत्तर देतो, "आवळलं!" नवीन गिऱ्हाईक हे पहिल्यांदा ऐकतं तेव्हा गाडीखाली दुसरा माणूस आहे असं समजून वाकून बघतं. खाली कोणी नसतं.

हे फक्त नटापुरतं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. डब्याचं झाकण लावलं, आवळलं का? आवळलं. पायजम्याची नाडी बांधली, आवळलं का? आवळलं. स्वतःच्या मुलीच्या लग्नात भटजींनी नवरा-नवरीच्या उपरण्याची आणि शालूची गाठ मारली, तेव्हा मांडवात मागून आवाज आला, "आवळलं का?" भटजी सरळ माणूस. त्यांनी गाठ ओढून पाहिली आणि म्हणाले, "आवळलं." त्या दिवशी लिंबाजी संध्याकाळपर्यंत खूश होता. मुलगी धावड्याला सुखात नांदते आहे, त्यामुळे त्या चौकशीबद्दल कोणाची तक्रार नाही.

वाटूर फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पूर्वी दोन वर्षं शिकवण्या घेतल्या म्हणून सगळे मला अजून मास्तर म्हणतात. माझ्या डाव्या भिंतीला लागून लिंबाजीचं गॅरेज. भिंत पत्र्याची. गेली दहा वर्षं लोकांचे सातबारे मी त्या 'आवळलं का'च्या तालावर काढतो आहे. रस्त्याच्या पलीकडे, दुभाजक ओलांडला की समोरच, दुसरं गॅरेज आहे. ते अंबादास मिस्तरीचं. अंबादास म्हणजे लिंबाजीचा पाठचा सख्खा भाऊ. दोघांचं बोलणं दहा वर्षं बंद होतं. लिंबाजी त्याचं नावही घेत नसे. 'पल्याडचा' म्हणायचा.

यांचा बाप मेंढरं राखायचा. मेंढरं मोजायची त्याची एक रीत होती. एकानं मोजायचं आणि दुसऱ्यानं परत मोजायचं, मगच मेंढवाड्याचं फाटक लावायचं. बापानं शेवटचा कळप विकून पोरांना गॅरेज घालून दिलं, आणि पोरांनी बापाची रीत नटांना लावली. लिंबाजी नट आवळायचा आणि ओरडायचा, "आवळलं का?" अंबादास त्यावर पाना लावून बघायचा आणि म्हणायचा, "आवळलं!" दोघांच्या हातून गेलेली गाडी परत येत नाही असं परतूरपासून मंठ्यापर्यंत लोक सांगत.

मग एक दिवस एका जीपचं चाक बसवताना घोटाळा झाला. लिंबाजीला वाटलं अंबादासनं आवळलं, अंबादासला वाटलं लिंबाजीनं. विचारलं कोणीच नाही. जीप कोसभर गेली, आणि मग मागचं चाक जीपच्या पुढं पळत जाऊन कपाशीत शिरलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण जीपमध्ये नवरदेवाचे मामा होते. त्यांनी फाट्यावर येऊन जे ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही. मामा गेल्यावर भावाभावांची जुंपली. "तू इचारलं न्हाई!" "तू सांगितलं न्हाई!" शेवटी लिंबाजी म्हणाला, "मला कोनाची गरज न्हाई. मी एकला बास हाय." त्याच संध्याकाळी वाटणी झाली.

वाटणी कशी झाली ते नीट सांगायला पाहिजे. गाडीचे पाने दोन तोंडांचे असतात. एका टोकाला आठ, दुसऱ्याला नऊ. मग दहा-अकरा, बारा-तेरा, असे चढत जातात. दोघांकडे मिळून असा एकच चांगला सेट होता, बापानं घेतलेला. तो त्यांनी जमिनीवर ओळीनं मांडला आणि एक तुला, एक मला, असा वाटला. लिंबाजीला आठ-नऊ, बारा-तेरा, सोळा-सतरा आले. अंबादासला दहा-अकरा, चौदा-पंधरा, अठरा-एकोणीस. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपल्या बारक्या गाड्यांना दहा, बारा, चौदा आणि सतरा याच मापांचे नट जास्त. म्हणजे त्या संध्याकाळपासून दोघांपैकी एकालाही एक अख्खी गाडी सरळपणे उघडता येईना.

आता कोणीही म्हणेल, नवीन पाना घ्यावा. दुकान दहा पावलांवर आहे. पण लिंबाजीनं घेतला नाही. चौदाचा नट आला की तो स्क्रू पाना घ्यायचा, म्हणजे ज्याचं तोंड लहानमोठं करता येतं तो. तो घसरायचा, नटाचे कोपरे झिजायचे, लिंबाजीची बोटं सोलायची, मग शिव्या, मग हळद. आम्हा शेजाऱ्यांचं एकमत होतं की माणूस चिकट आहे. एका दसऱ्याला मला दया आली आणि मी चौदा-पंधराचा नवाकोरा पाना त्याला भेट दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खिळ्याला टांगला. तिथून तो खाली आला नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

अशा माणसानं दोन इंजिनांची गाडी बनवायला घेतली.

जालन्याला लोखंडाच्या भट्ट्या आहेत. साऱ्या मुलखाचं भंगार तिकडं जातं आणि सळई होऊन परत येतं. असाच एक भंगाराचा टेम्पो फाट्यावर चहाला थांबला होता. त्यात आठशे सीसीच्या दोन जुन्या बारक्या गाड्या एकमेकींवर रचलेल्या. लिंबाजी टेम्पोवर चढला, दोन्हींची बॉनेटं उघडली, हातानं इंजिनं फिरवून पाहिली, कान लावला. खाली उतरून ड्रायव्हरला म्हणाला, "हे दोन्ही जित्ते हायेत. जित्त्याला भट्टीत नेऊ राह्यला का?" मग त्यानं गॅरेजातलं तेवढ्याच वजनाचं मेलेलं भंगार टेम्पोत चढवलं आणि दोन्ही गाड्या उतरवून घेतल्या.

आम्हाला वाटलं, दोन्हींचं मिळून एक धड काहीतरी करेल. एकीचा सांगाडा बरा होता, दुसरीचा गंजून चाळणी झाला होता. त्यानं तसंच केलं, पण दोन्ही इंजिनांसकट. एक पुढं, एक मागं डिकीत.

"मिस्तरी, एक इंजिन काढून ठेवा की," मी म्हणालो.

"कोन्तं काढू?"

"कोणतंही."

"कोन्तंही कसं? दोन्ही बराबर चालू राह्यले. तुमीच सांगा मास्तर, कोन्तं भट्टीत घालू?"

मी झेरॉक्सवाला माणूस, मला मूळ प्रत आणि नक्कल एवढंच कळतं.

या गाडीबद्दल लिंबाजीचा एकच अभिमान होता. "खर्चा बिलकुल न्हाई." आणि खरंच त्याचा झाला नाही, आमचा झाला. मागचं इंजिन बसवायला मजबूत चौकट पाहिजे होती. घरात लोखंडी पलंग होता, लिंबाजीच्या सासरहून आलेला. गयाबाई, म्हणजे त्याची बायको, चार दिवसांसाठी केदारखेड्याला भावाकडे गेली होती. परत आली तेव्हा पलंगाचे अँगल डिकीत वेल्डिंग झालेले. ती गॅरेजच्या दारात उभी राहून सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "इंजिनाला पलंग आन् मला चटई! बरंय. उद्या त्याला गोधडीबी घाला."

"गोधडी नको," लिंबाजी गाडीखालून म्हणाला, "गरम व्हतंय ते."

मागच्या इंजिनाला वारा मिळावा म्हणून त्यानं गोड्या तेलाचे दोन पत्र्याचे डबे कापून गाडीच्या दोन्ही बाजूंना कानासारखे लावले. मागच्या इंजिनाचा ॲक्सिलेटर ओढायला सायकलच्या ब्रेकची तार. आणि एका दुपारी वीज गेली, तेव्हा माझं झेरॉक्सचं मशीन इन्व्हर्टरवर जाण्याऐवजी गपकन बंद पडलं. एका शेतकऱ्याचा सातबारा अर्धा बाहेर, अर्धा आत. बघतो तो इन्व्हर्टरची बॅटरी नाही. पत्र्यापलीकडून आवाज आला, "मास्तर, तुमची बॅटरी नुस्ती बसून राह्यली व्हती. म्हनलं जरा कामाला लावू." पुढं आवळलं का, आवळलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात उशिरा आली. गाडीत बसायला गेलो तर डाव्या सीटपुढंही क्लच आणि ॲक्सिलेटर, आणि शेजारी गिअरचा दुसरा दांडा.

"हे कशाला?"

"मागच्या इंजिनाचं हाय. दोन्ही गिअर एका दांड्यावर घ्यायचे तर लई जोडकाम. खर्चा येतो."

"म्हणजे ही गाडी चालवायला दोन माणसं लागणार?"

"दोन इंजिनं, दोन मानसं. बराबर हाय की."

"दुसरा माणूस कोण?"

लिंबाजी जमिनीवर पडलेला कुठलातरी नट शोधायला लागला. बराच वेळ शोधत होता. मी निघून आलो तरी नट सापडला नव्हता.

पहिल्या चाचणीला डाव्या सीटवर मी बसलो. मला स्कूटरपलीकडं काही चालवता येत नाही हे मी तीनदा सांगितलं होतं. गाडी रस्त्यावर आणायची नव्हती, पासिंग कुठून मिळणार, म्हणून गॅरेजशेजारच्या बाजारतळावर ढकलत नेली. बाजाराचा दिवस नव्हता, तरी शंभरेक लोक जमले. "एक म्हनलं की पाय दाबा, दोन म्हनलं की दांडा म्होरं, तीन म्हनलं की पाय सोडा," लिंबाजीनं समजावलं. एक झालं, दोन झालं, तीन झालं. दोन्ही इंजिनं गर्जली, चारही चाकांखालून धुराळा उडाला, तेलाचे डबे थडथडले, आणि गाडी जागची हलली नाही. पुढची चाकं पुढं उकरत होती, मागची मागं. आम्ही दोघं आत गदगदा हलत होतो. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मिस्तरी, गाडी इचार करू राह्यली!"

त्याच आठवड्यात अंबादास माझ्या दुकानात आला. त्याला एका करारनाम्याच्या दोन प्रती हव्या होत्या. मशीन चालू असताना पत्र्याच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "तुमच्या शेजाऱ्याला म्हनावं, मागचं इंजिन उलटं बसलंय. सायलेन्सरचा पाइप वाचवायला तोंड फिरवलं असंल. आता त्याला पुढचा गिअर येक आन् मागचे चार झालेत."

मी करारनामा वाचला. वाचू नये हे मला कळतं, पण काचेवर उलटा ठेवायच्या आधी नजर जातेच. अंबादासनं गॅरेजची जागा एका मोबाइलवाल्याला भाड्यानं दिली होती.

"म्हणजे तुम्ही?"

"पोरगा पुन्याला बोलवू राह्यला. दिवाळी झाली की जातो. आता गुडघ्याला गाडीखाली जानं व्हईना."

तो गेल्यावर मी लिंबाजीकडे गेलो. आधी इंजिनाचं सांगितलं.

"कोन म्हनलं?"

"एक गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईकाला बराबर कळतंय," लिंबाजी म्हणाला. त्याला कळलं होतं कोण ते.

मग दुसरी बातमी सांगितली. तो फडक्यानं हात पुसत होता. पुसलेलेच हात परत पुसत राहिला. "कवा?" एवढंच त्यानं विचारलं. दिवाळी झाली की, म्हणालो. त्या दुपारी पत्र्यापलीकडून 'आवळलं का' ऐकू आलं नाही, आणि मला पहिल्यांदाच ते ऐकावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून लिंबाजीनं गिऱ्हाइकं घेणं बंद केलं. मागचं इंजिन पलंगावरून उतरवलं, फिरवलं, परत चढवलं. गयाबाई टॉर्च धरून उभी राहायची. चटईबद्दल ती आता बोलत नव्हती. "जल्दी करा," एवढंच म्हणायची.

इकडं माझ्याकडून नेहमीची चूक झालेली. अंबादासचा मूळ करारनामा मशीनच्या काचेवरच राहिला होता. तो द्यायला मी पलीकडं गेलो. अंबादास एका गाडीचा बाराचा नट स्क्रू पान्यानं काढायला झटत होता. पाना घसरला, बोटं सोलली. मी म्हणालो, "मिस्तरी, तुम्ही दोघं भाऊ कमालीचे चिकट. अहो, बारा-तेराचा एक पाना घ्यायला काय होतं?"

अंबादासनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी काहीतरी येडपटासारखं विचारलं.

"बारा-तेरा हाय की. दादाकडं हाय ना."

सकाळी कोणी पाना मागून नेला असावा आणि संध्याकाळी परत येणार असावा, अशा आवाजात तो हे म्हणाला. दहा वर्षं झाली होती. मला एकदम माझा दसऱ्याचा पाना आठवला, खिळ्यावर, पिशवीसकट. नवीन पाना घेतला असता तर वाटणी पक्की झाली असती. एवढी साधी गोष्ट मला पत्र्याच्या भिंतीला भिंत लावून राहूनसुद्धा कळली नव्हती. करारनामा टेबलावर ठेवला आणि दुभाजक ओलांडून परत आलो.

दुसरी चाचणी दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजता. अंबादासच्या दुकानातलं सामान अर्धं टेम्पोत चढलं होतं. गाडी बाजारतळावर नेली. मी डाव्या सीटकडं निघालो तर लिंबाजी म्हणाला, "थांबा मास्तर. येक नट ऱ्हायला." आणि गाडीखाली शिरला. पलंगाच्या चौकटीवरचा चौदाचा नट. स्क्रू पाना दोनदा घसरल्याचा आवाज आला. मग तो बाहेर आला, सरळ उभा राहिला आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडला,

"आवळलं का?"

आणि उत्तर दिलं नाही. मी वाट बघितली, गयाबाईनं बघितली, जमलेल्या लोकांनीही बघितली. लिंबाजीचे ओठ हलले नाहीत. तो परत ओरडला. या वेळी आवाज फाटला.

"आवळलं काऽ?"

पलीकडं अंबादास पेटी उचलून टेम्पोत ठेवत होता. त्यानं पेटी खाली ठेवली. दुकानात गेला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तो बाहेर आला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून दुभाजकावर चढला, एक ट्रक जाऊ दिला आणि अलीकडं आला. कोणाकडं न बघता गाडीजवळ बसला, दुखरा गुडघा हातानं सरळ केला आणि खाली शिरला. त्याच्या खिशात फडक्यात गुंडाळलेला चौदा-पंधरा होता.

खालून आवाज आला, "न्हाई आवळलं."



"पाऊन आटा ढिल्लं हाय. आन् नटाचे कोपरे पार खाऊन टाकले तू, दादा."

"चौदाचा पाना न्हाई माझ्याकडं," लिंबाजी म्हणाला.

"म्हाईत हाय." मग पाना फिरल्याचा आवाज. "आता आवळलं."

अंबादास बाहेर आला आणि डाव्या सीटवर जाऊन बसला. त्याला कोणी एक-दोन-तीन समजावलं नाही. लिंबाजी बसला, दोन्ही इंजिनं चालू झाली आणि गाडी निघाली. फार रुबाबात निघाली असं नाही. हिसके देत, खोकत, एक डबा लोंबकळत निघाली. पण निघाली. एक चक्कर झाली, दुसरी झाली. गयाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. तिसऱ्या चकरेला मागचं इंजिन उकळलं आणि वाफेच्या लोटात गाडी आमच्यासमोर येऊन थांबली. आतून भांडण ऐकू येत होतं.

"तू इचारलं न्हाई!"

"तू सांगितलं न्हाई!"

गिअरवरून चाललं होतं. शब्द दहा वर्षांपूर्वीचेच होते. आम्ही वाफ निवेपर्यंत थांबलो, पण दोघं काही खाली उतरेनात.

दुपारी टेम्पो पुण्याला गेला. अंबादास गेला, कारण पोरगा तिकडं आहे, नातू आहे, गुडघा आहे. ते काही बदललं नाही. जाताना त्यानं आपले पाने आणून लिंबाजीच्या फळीवर ओळीनं लावले. आठ-नऊशेजारी दहा-अकरा, मग बारा-तेरा. पुढं एक जागा रिकामी सोडली आणि मग सोळा-सतरा, अठरा-एकोणीस. चौदा-पंधरा तो सोबत घेऊन गेला. पुण्यात चौथ्या मजल्यावर त्याला चौदाच्या पान्याचं काय काम आहे, हे मी विचारलं नाही. आता मी शहाणा झालो आहे.

दोन इंजिनांची गाडी माझ्या दुकानापुढं उभी असते. दुसरा माणूस आल्याशिवाय ती चालत नाही. संक्रांतीला तो येऊन गेला, तेव्हा चालली. माझी बॅटरी अजून तिच्यातच आहे.

परवा वालूरकडचं एक गिऱ्हाईक गॅरेजात बसलं होतं. लिंबाजी स्क्रू पान्यानं चौदाच्या नटाशी झटत होता, आणि समोर खिळ्यावर माझा नवा पाना पिशवीत लटकत होता. गिऱ्हाइकाला तो दिसला नाही, बरंच झालं.

"मिस्तरी," ते म्हणालं, "एवढे पाने ठिवले अन् चौदाचाच न्हाई व्हय?"

"हाय की," लिंबाजी सोललेलं बोट तोंडात घालत म्हणाला. "अंबूकडं हाय."